नव्या घराचे वायरिंग : लोड, अर्थिंग आणि आरसीसीबी

प्रश्न : आमचे मातीचे घर पाडून स्लॅबचे घर बांधले आहे. जुन्या मीटरचा मंजूर भार १ किलोवॅट आहे. आता दीड टनाचा एसी, गिझर, एक अश्वशक्तीची मोटर आणि लोखंडी कूलर चालवायचा आहे. थ्री फेज घ्यावे काय? वायरमन म्हणतात की आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) सारखा पडतो, तो काढून मोठा एमसीबी (जादा प्रवाह झाल्यावर पडणारा स्विच) लावू. अर्थिंग जुनेच चालेल.
— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : थ्री फेजची गरज दिसत नाही. एसीला दीड, गिझरला दोन, मोटरीला एक किलोवॅट धरून कूलर, पंखे व दिवे मिळवले, तरी बेरीज पाचच्या आसपास येते, म्हणजे २३० व्होल्टवर साधारण २२ अँपिअर. शिवाय एसी आणि गिझर एकाच ऋतूत क्वचितच चालतात. महावितरणकडे अर्ज करून मंजूर भार तेवढा वाढवून घ्यावा.

मोठ्या एमसीबीचा सल्ला मात्र मानू नये. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरवर ३२ अँपिअरचा एमसीबी लावल्यास तो पडण्याआधी भिंतीतली वायर तापते. एसी व गिझरला ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर ओढावी.

आरसीसीबी काढणे तर धोक्याचेच. अर्थिंगचा रोध १० ओहम असेल, तर कूलरच्या पत्र्याला फेज टेकल्यावर जमिनीत जेमतेम २३ अँपिअर जातात. तेवढ्याने २० अँपिअरचा एमसीबी लगेच पडत नाही आणि पत्र्यात वीज तशीच राहते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी अशा वेळी तत्काळ पुरवठा तोडतो. तो सारखा पडत असेल, तर बहुधा त्याच्या पुढचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटमध्ये मिसळलेला किंवा अर्थला टेकलेला असतो, नाहीतर गिझरचे एलिमेंट खराब असते. एकेक सर्किट सोडवून दोष शोधणे कंटाळवाणे आहे, पण वायरमनची मजुरी त्याचसाठी असते.

जुन्या अर्थिंगवर विसंबू नये. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळून पाइपापासून सुटते, त्यामुळे रोध वाढतो आणि कूलरही नेमका तेव्हाच चालतो. भिंतीपासून दीड मीटर दूर, अडीच ते तीन मीटर खोल नवा पाइप घालून उन्हाळाभर त्यात पाणी ओतावे. अर्थ टेस्टरने मोजणी एप्रिल-मेमध्ये करावी. पावसाळ्यातला आकडा फसवा असतो. अर्थिंगची हिरवी वायर कूलरच्या तीन पिनांच्या सॉकेटपर्यंत पोहोचली आहे, याची खात्री करावी आणि कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढून ठेवावा.