ब्लड कॅन्सरमध्ये पांढऱ्या पेशी लाखावर गेल्या की केमो लागू पडत नाही, हे खरं का?

नाही. आणि हे तुम्हाला डॉक्टरनं नाही, एखाद्या नातेवाइकानं सांगितलं असणार. आमच्यात दाजींनी सांगितलं होतं.

पुतण्याला टी-सेल एएलएल निघाला. एएलएल म्हणजे पांढऱ्या पेशींचा झपाट्यानं वाढणारा ब्लड कॅन्सर, टी-सेल आणि बी-सेल हे त्याचे दोन प्रकार. पेशी लाखाच्या वर, छातीत गाठ. दाजी राजारामपुरीत आमच्या सोप्यात चहा फुंकत म्हणाले, "एवढ्या पेशींना औषध काय पुरं पडणार? उगं पोराचे हाल." वहिनी आतून ऐकत होती. गगनबावड्याकडच्या एका वैद्याचा नंबर दाजींच्या खिशात तयारच!

सुरुवातीच्या आठवड्यात भर प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडवर होता. गोळी कडूजहर, गुळात दाबून द्यायची. मग भूक अशी खवळली, की पोरगं मध्यरात्री उठून भडंग मागायचं. बाहेरचं बंद, म्हणून वहिनी त्या वेळी चुरमुरे परतायची. आठव्या दिवशी रक्तातले ब्लास्ट, म्हणजे कॅन्सरच्या कच्च्या पेशी, हजाराच्या खाली आले, म्हणजे स्टिरॉइडला प्रतिसाद चांगला. रिपोर्टचा फोटो मी दाजींना पाठवला. निळी टिक आली, उत्तर आजतागायत नाही.

पेशी किती आहेत आणि त्या औषधाला किती दबतात, या दोन वेगळ्या गोष्टी. पन्नास हजारांच्या वर आकडा गेला की बी-सेलमध्ये धोका जास्त धरतात, उपचार कडक करतात. पण दबणं ठरतं जास्त करून वयावर, प्रकारावर आणि जनुकांवर. टी-सेल स्टिरॉइडला बी-सेलपेक्षा चिवट. वर्षाच्या आतल्या बाळांत केएमटीटूए या जनुकात बदल असला तर प्रेडनिसोलोन नीट चालत नाही, पण सायटाराबिन हे केमोचं औषध चालतं. पन्नासच्या वर गुणसूत्रं असलेल्या पेशी उलट लवकर मरतात. फिलाडेल्फिया नावाचं बदललेलं गुणसूत्र असेल तर इमॅटिनिबसारखी गोळी जोडतात.

तेव्हा आकडा सोडा, सायटोजेनेटिक्स (गुणसूत्रांची तपासणी) आणि उपचाराच्या पहिल्या महिन्याअखेरची एमआरडी (उरलेल्या कॅन्सर पेशींचं प्रमाण) विचारा, एमआरडी ०.०१ टक्क्याच्या खाली हवी. वैद्याचा नंबर देणाऱ्याला हा रिपोर्ट वाचायला द्या. दाजींना दिला, तर म्हणाले, "तू लई शाना झालास." झालो. कुणीतरी व्हायला हवंच होतं.

हां, हे सगळं एएलएलचं, तेही मुलांचं. मोठ्या माणसांत पेशी जास्त दाद देत नाहीत, उलटून आलेल्या आजारात तर आणखीच कमी. एएमएल या दुसऱ्या ब्लड कॅन्सरचा हिशोब वेगळा. आणि आकडा मोठा असताना सुरुवातीला पेशी भराभर फुटतात, युरिक ॲसिड चढतं, किडनीवर येतं. पोरगं कितीही वैतागलं तरी सलाईन काढायला लावू नका.