गावाबाहेरचा माळ औद्योगिक झोनमध्ये टाकलाय, तिथं हरणं आहेत. हरकत घेऊन काही उपयोग होतो का?

होतो, पण "मुक्या प्राण्यांचा विचार करा" असलं पत्र देणार असाल तर झेरॉक्सचे पैसे वाया. तुमच्या नगरपालिकेचा हा प्रारूप विकास आराखडा आहे ना, मग आधी नोटिशीची तारीख बघा. नगररचना कायदा 1966, कलम 26 खाली हरकतीला 30 दिवस असतात आणि ते नोटीस निघाल्यापासून मोजतात, तुम्हाला कळल्यापासून नाही.

मूळ भानगड अशी की नकाशावर तुमचा माळ रिकामा आहे. नायगावचं मयूर अभयारण्य किंवा जायकवाडी असतं तर अभयारण्याचे नियम आडवे आले असते, पडीक माळाला कोण विचारतंय. काळवीट वन्यजीव कायद्यात अनुसूची 1 मध्ये आहे, पण ते तुमच्या माळावर आहे हे कागदावर आणायचं काम तुमचं.

गंमत म्हणजे त्याचा पुरावा बऱ्याचदा सरकारकडंच पडून असतो. हरणांनी हरभरा, ज्वारी खाल्ली की शेतकरी वनविभागाकडं भरपाई मागतात, पंचनामा होतो, त्यात कोणत्या गटात कोणत्या जनावरानं नुकसान केलं ते येतं. आत्ता माहिती अधिकारात मागत बसू नका, उत्तर यायलाच 30 दिवस, तोवर मुदत संपली. माळाला लागून ज्यांची रानं आहेत त्यांच्याकडूनच प्रती घ्या. ते आधी शिव्या घालतील, "आलेत हरणं वाचवायला, आमचं पीक कोण वाचवणार", आणि त्यांचंही काही चूक नाही. फक्त विचारा की माळावर शेड आणि कंपाऊंड पडलं तर हा कळप जाणार कुठं, तुमच्याच तुरीत ना? आमच्याकडं बीड जिल्ह्यात याच मुद्द्यावर सह्या मिळाल्या, निसर्गप्रेमावर एक नाही.

फोटो पण काढा. काळविटाचा नर एकाच जागी लेंड्या टाकत राहतो, चांगला ढीग साचतो, तो आणि शेजारी हद्दीचा दगड एका फोटोत आला तर लांबून काढलेल्या धूसर कळपापेक्षा लाखपट बरा. तारीख आणि लोकेशन फोटोवर येऊ द्या. लांडग्याचं बीळ सापडलं तर मात्र व्हॉट्सॲपवर टाकू नका, वनरक्षकाला सांगा.

अर्ज एका पानाचा ठेवा आणि मागणी नेमकी लिहा, म्हणजे अमुक गट औद्योगिक झोनमधून वगळा, किंवा तेही जमत नसेल तर नाल्याकाठची पट्टी तरी मोकळी ठेवा. सुनावणीला हजर राहायचंय हे अर्जातच टाका. आवक-जावकचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका, आणि शिक्क्याची प्रत नीट जपा, कारण नियोजन समितीनं हरकत फेटाळली तरी आराखडा शेवटी मंजुरीला सरकारकडंच जातो, तिथं परत तोच कागद लावता येतो.