माडीच्या फळ्यांवर सागवानी फ्लोरिंग टाकायचंय, मधे काय घालू?

प्रश्न: आमचा अंबाजोगाईत जुना वाडा आहे, वरच्या माडीची जमीन फळ्यांची. फळ्या झिजल्यात, करकर वाजतात, खालच्या खोलीत आजी असते तिच्या अंथरुणावर माती गळते. वरून पाऊण इंची सागवानी पट्ट्या खिळ्यानं ठोकायच्या ठरवल्यात. दुकानदार म्हणायलाय खाली फोम घाला, मिस्त्री म्हणायलाय प्लास्टिक अंथरा, भाऊ म्हणतो काहीच नको. कुणाचं ऐकू?

उत्तर: ताई, पट्ट्या ठोकायच्या आहेत ना, मग फोम अजिबात नको. फोम हा लॅमिनेट नाहीतर क्लिकवाल्या फ्लोरिंगखाली घालायचा, ते खाली कुठं ठोकलेलंच नसतं, नुसतं अंथरलेलं असतं. ठोकलेल्या पट्टीखाली फोम असला की पाय पडला की पट्टी दबते, उचलला की वर येते, असं होऊन होऊन खिळा सैल होतो, पट्टीची जीभ (शेजारच्या पट्टीच्या खाचेत बसणारी कड) तुटते आणि आजच्यापेक्षा जास्त करकर सुरू. प्लास्टिक काँक्रीटवर ठीक आहे, तिथं ओल खालून येते. लाकडावर घातलं तर पावसाळ्यात ओल मधेच अडकून जुन्या फळ्या कुजतात.

तुम्हाला हवा तो डांबर मुरवलेला पातळ फेल्ट, 15 नंबरचा म्हणतात तो. गच्चीला लावतात तो 3 मिमीचा जाड टारफेल्ट आणू नका. पातळ फेल्टमुळं लाकडावर लाकूड घासत नाही, ओल हळूहळू वरखाली जाऊ शकते, माती गळायचीही थांबते. कडेला 4 इंच एकावर एक चढवून अंथरायचा. पावलांचा आवाज मात्र त्यानं फारसा कमी होणार नाही, आजीसाठी वरून जाड सतरंजी टाका, तिचाच खरा उपयोग होतो.

पण फेल्टच्या आधीचं काम जास्त महत्त्वाचं आहे. तुमच्या जुन्या फळ्या तुळयांना आडव्या असणार, नवी पट्टी पण तुळईला आडवीच जायला पाहिजे, म्हणजे दोन्ही एकाच दिशेला आल्या आणि खालच्या सांधी उद्या वर उमटणार. म्हणून आधी सैल फळ्या स्क्रूनं तुळईला आवळून घ्या, त्यावर 12 मिमीचा आयएस 710 म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय, मग फेल्ट, मग पट्टी. उंचसखल आहे म्हणून कुणी सिमेंटचा कोबा टाकू म्हणालं तर साफ नाही म्हणा, वजन फार वाढतं. 1993 ला किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती न् जड माळवदं कशी अंगावर आली ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको, प्लाय चढवायच्या आधीसुद्धा तुळयांची भिंतीत गेलेली टोकं स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा, मऊ लागली, वाळवी दिसली तर तेवढं दुरुस्त होईपर्यंत फ्लोरिंगचं नाव काढू नका.

आणि मे महिन्यात ठोकू नका, तेव्हा लाकूड पार सुकलेलं असतं, जुलैत फुगून उचलेल. पावसात ठोकलं तर उन्हाळ्यात फटी पडतील. दिवाळीनंतर करा, पट्ट्या आधी माडीवरच आठ-दहा दिवस ठेवा आणि मिस्त्रीला मॉइश्चर मीटर आणायला सांगा, पट्टी आणि प्लाय यांच्या ओलीत 4 टक्क्यांहून जास्त फरक नको, पट्टी 3 इंच किंवा त्याहून रुंद असेल तर 2 टक्केच. भिंतीच्या कडेनं पाऊण इंच जागा सोडा, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते.