पोराच्या पगाराचं गणित नीट मांडा

प्रश्न: आम्ही मानकापूरला राहतो. मुलाने दोन वर्षांचा आयटीआय इलेक्ट्रिशियन केला, आता बुटीबोरीला एका कंपनीत कंत्राटदारामार्फत लागलाय. पगार १५ हजार म्हणतात, हातात १३च्या आत येतात. शेजारचा पोरगा दहावीनंतर मिस्त्रीच्या हाताखाली शिकला, तो कूलर दुरुस्तीचे रोजचे ८०० घरी आणतो. माझा म्हणतो, आई काहून ही नोकरी करू, मी पण तेच करतो. काय करू द्यावं?
– एक आई, नागपूर

उत्तर: ताई, आधी त्या ८०० रुपयांचं बघू. उन्हाळ्यात नागपुरात वायरमन रिकामा सापडतच नाही, पारा ४५ला टेकला की कोणाचा पंप जाम, कोणाची मोटर जळाली, फोनवर फोन, आणि तेव्हा पैशांसाठी कोणी घासाघीसही करत नाही. महिन्याचे २६ दिवस भरले तर २०,८०० होतात. पण पाऊस लागला की कूलर झाकले जातात आणि १२ दिवस भरले तर ९,६००च, त्यातून पेट्रोल, पक्कड, ड्रिलचे बिट सगळं खिशातलं. मी स्वतः बारा वर्षं घरोघरी वायरिंग केलीय, ऑगस्टमधे फोनकडे बघत बसलेले दिवस अजून आठवतात मला.

मुलाच्या १५ हजारातून १२ टक्के पीएफ म्हणजे १,८०० जातात, वर थोडं ईएसआय, म्हणजे कामगार विमा, आणि व्यवसाय कर. पीएफमधे तेवढीच रक्कम मालकानेही भरायची असते, आणि तुम्ही मुलावर अवलंबून असाल तर ईएसआयमधून तुमचाही इलाज होतो. फक्त पैसे खरंच जमा होतात का ते बघा. माझ्या ओळखीच्या एका पोराचे दोन वर्षं कापले आणि भरलेच नाहीत, त्याला कळलं तेव्हा कंत्राटदार गायब. मुलाला यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर मागायला सांगा, पासबुक मोबाईलवर दिसतं.

राहिला प्रश्न पगार वाढण्याचा, आणि तो माणसाला काम किती येतं यावर असतो. एकदा कूलरला हात लावला की झटका बसतो अशी तक्रार आली होती, आधी येऊन गेलेल्याने पंपाच्या वायरला टेप गुंडाळून पैसे नेले होते. मी सॉकेट उघडला तर अर्थिंगची वायर नुसतीच लोंबत होती, कशालाच जोडलेली नव्हती, आणि घरात दोन लहान लेकरं ओल्या फरशीवर अनवाणी फिरत होती. हे शोधता येणाऱ्याला लोक परत बोलावतात आणि सांगेल तेवढे देतात. कंपनीतही तसंच, नुसता स्टार्टर बदलणारा आणि मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह किंवा मशीन आपोआप चालवणारा पीएलसी यातला फॉल्ट काढणारा, यांचा पगार एक नसतो. मेंटेनन्सच्या सिनियर माणसाच्या मागे मागे राहू द्या त्याला, शिफ्ट संपल्यावर अर्धा तास थांबावं लागलं तरी.

त्याच्याकडचा आयटीआयचा कागद शेजारच्याकडे नाहीये, हे विसरू नका. महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीला तो लागतोच. तिथेही सुरुवातीची तीन वर्षं ठरावीक मानधन असतं, २०२४च्या जाहिरातीत १५, १६ आणि १७ हजार होतं, पण नंतर तंत्रज्ञ म्हणून कायम होता येतं. स्वतःचं काम करायचं असेल तर अनुभव झाला की सुपरवायझरचं सर्टिफिकेट, मग कॉन्ट्रॅक्टरचं लायसन काढू द्या, कारण नवीन मीटर घेताना टेस्ट रिपोर्टवर लायसनवाल्याचीच सही लागते आणि त्या सहीसाठी बाकीचे मिस्त्री त्याच्याकडे येतील. शिवाय २०२४ला घराच्या छतावर सोलर बसवायची सूर्यघर योजना आली, ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे, त्यामुळे सोलर बसवणाऱ्यांना शिकलेली पोरं हवीच आहेत.

म्हणून सध्या नोकरी सोडू देऊ नका. एप्रिल-मेमधे सुटीच्या दिवशी कूलरची कामं घेऊ द्या की, त्या पैशातून पहिले एक चांगला क्लॅम्प मीटर, म्हणजे वायर न तोडता करंट मोजणारा मीटर, घ्यायला सांगा.