काढ्याचं पॅकेज आणि आईची ठेव

प्रश्न: मी सिंगापूरला नोकरीला आहे. सध्या व्हिजिट पासवर इथे असलेल्या आईला (वय ६७, बीपीची गोळी चालू) दोन महिने झाले, कूस बदलली की गरगरतं. चिनी वैद्यांनी १२ आठवड्यांचा काढा सांगितलाय. एकूण २,८८० डॉलर, आगाऊ भरले तर २,५९२. अडीनडीला ठेवलेली ६,००० ची ठेव मोडू का?

उत्तर: मोडू नका. काढ्याशी माझं भांडण नाही, त्या सवलतीशी आहे. आठवड्याला २४० पडतात, म्हणजे आगाऊ भरणं परवडायला आईंनी जवळजवळ अकरा आठवडे काढा घ्यायला हवा. चौथ्या आठवड्यात थांबलात तर सुट्टे देऊन ९६० मध्ये सुटला असतात.

आणि लवकर थांबाल असं मला वाटतं, ते तुमच्या ‘कूस बदलली की’ या शब्दांमुळे. असं गरगरणं बरेचदा कानाच्या आतल्या कॅल्शियमच्या बारीक कणांमुळे होतं. ते जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या नळीत शिरतात. डॉक्टर रुग्णाला झटकन आडवं करून डोळ्यांची हालचाल बघतात आणि निदान करतात. मग डोकं ठरावीक क्रमाने वळवून कण परत जागी नेतात. याला एप्ली म्हणतात आणि अनेकांचं काम एक-दोन भेटींत होतं. वनस्पतीने कण हलत नाहीत. तेव्हा पहिला खर्च कानाच्या डॉक्टरांच्या फीचा.

कण नसतील तर काढ्याचा विचार जरूर करा. चिनी वैद्यकात चक्कर म्हणजे यकृताचा ‘वारा’ वर चढणं, नाहीतर कफ साचणं. (आपल्या आजीचं ‘पित्त डोक्यात गेलंय’ यापासून फार लांब नाही.) वाऱ्यावर थिएनमा आणि गौतंग देतात. थिएनमा हा एका पानं नसलेल्या ऑर्किडचा कंद. गौतंग म्हणजे आकडेवाल्या वेलीच्या काड्या, त्या उकळत्या काढ्यात शेवटी टाकतात. प्रयोगशाळेत गौतंगमधल्या द्रव्याने रक्तवाहिन्या सैलावतात असं दिसलंय. कफावर पानश्या आणि पायचू या वनस्पती, सोबत थिएनमा. आणखी एक औषध झेश्ये, शरीरातलं पाणी उतरवणारं. कानात द्रव साठून चक्कर येत असेल तर त्यामागचा तर्क पटतो. पण माणसांवरच्या चाचण्या बहुतेक छोट्या आणि कच्च्या आहेत. एवढ्या पुराव्यावर मी बारा आठवड्यांचे पैसे आधी कुणाला देणार नाही.

घ्यायचाच ठरला तर दोन आठवड्यांचा, ४८० डॉलरचा, तोही पगारातून. पुडीत काय काय आहे ते लिहून मागा आणि बीपीच्या डॉक्टरांना दाखवा. गौतंगने दाब आणखी उतरू शकतो, आणि बऱ्याच काढ्यांत पडणाऱ्या ज्येष्ठमधाने चढू शकतो. वैद्यांची नोंदणी टीसीएम (पारंपरिक चिनी वैद्यक) प्रॅक्टिशनर्स बोर्डाच्या यादीत तपासा, पाच मिनिटांचं काम आहे. गोरगरिबांना मोफत उपचार देण्यासाठी १८६७ मध्ये सुरू झालेल्या थाँग चाय या तिथल्या चिनी दवाखान्यातही विचारून बघा.

ठेव राखायचं खरं कारण वेगळं आहे. व्हिजिट पासवरच्या पाहुण्याला तिथल्या सरकारी रुग्णालयात सवलत नाही, पूर्ण बिल तुमच्या अंगावर. चकरेबरोबर बोबडी वळली, तोंड वाकडं झालं किंवा एक बाजू लुळी पडली, तर तडक ९९५ ला फोन करा. त्या दिवशी ठेव मोडायला मला विचारत बसू नका.