जामीनदाराची सही आणि खराब सिबिल

दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी भाऊंनी विचारलं आहे: "2019 मध्ये चुलत भावाच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला मी जामीनदार राहिलो. मधली दोन वर्षं त्याचे हप्ते थकले. मागच्या दिवाळीनंतर कपाशी विकून त्यानं सगळं फेडलं, बँकेनं दाखलाही दिला. आता माझ्या मुलीचा अकोल्याला कृषी पदवीला नंबर लागला. शैक्षणिक कर्जाला गेलो तर दुसरी बँक म्हणते, तुमच्या नावावर थकबाकी दिसते, सिबिल खराब आहे. मी स्वतः रुपयाचंही कर्ज घेतलं नाही. तालुक्यातला एक जण 8,000 रुपयांत सिबिल साफ करून देतो म्हणतो. देऊ का?"

भाऊ, ते पैसे मुलीच्या फीसाठी ठेवा. तो माणूस जे करणार, ते कायद्यानं तुम्हाला फुकटात करता येतं. आणि जे फुकटात होत नाही, ते त्यालाही जमणार नाही.

आधी कडू गोष्ट. करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक आधी भावाच्याच मागे लागेल, मग तुमच्याकडे येईल, असं नसतं. म्हणून ते कर्ज तुमच्याही पतअहवालात, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत आलं. गावात सही नात्यापोटी होते, तेव्हा हे कोणी समजावून सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता अहवाल काढा. कर्जफेडीची नोंद ठेवून असा अहवाल देणाऱ्या देशात चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. मुलीला मोबाइलवर काढून द्यायला सांगा. 300 ते 900 मधला आकडा, म्हणजे स्कोअर, पाहून थांबू नका. ट्रॅक्टरच्या खात्यापाशी या. 'ओनरशिप'समोर 'गॅरंटर' असेल. 'अमाउंट ओव्हरड्यू' म्हणजे थकबाकीसमोर अजून रक्कम आहे का, आणि बँकेनं माहिती शेवटची कधी पाठवली, ती तारीख बघा. ती दिवाळीआधीची असेल तर दुखणं तिथंच आहे.

मग बँकेचा दाखला नीट वाचा. पूर्ण फेड झाल्याचा आहे, की एकरकमी तडजोडीचा? तडजोडीत बँकेनं काही रक्कम सोडली असेल तर अहवालात 'सेटल्ड' येतं. ते खरं असल्यामुळे खोडून मिळत नाही, आणि पुढची बँक त्याला बिचकते. पूर्ण फेड असेल तर 'क्लोज्ड' आणि थकबाकी शून्य दिसलीच पाहिजे. जुन्या उशिराच्या हप्त्यांची नोंद मात्र राहील. मागच्या 36 महिन्यांचा हिशेब महिन्या-महिन्यानं दिसतो.

दुरुस्तीचा हक्क 2005 च्या पतमाहिती कंपन्या कायद्याच्या कलम 21 मध्ये आहे. ट्रॅक्टरच्या बँकेला लेखी अर्ज द्या, दाखल्याची झेरॉक्स जोडा आणि पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका. तीच तक्रार ज्या पतमाहिती कंपनीच्या अहवालात चूक आहे, तिच्या संकेतस्थळावरही टाका. 30 दिवसांत निकाल लागायला हवा. त्यातले 21 दिवस बँकेचे. पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम 26 एप्रिल 2024 पासून लागू आहे. पोच नसेल तर दिवस कुठून मोजणार? माझ्याकडे येणारी निम्मी माणसं इथंच अडकलेली असतात.

तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फी नाही, वकीलही लागत नाही. माहिती 14448 या फोन क्रमांकावर मिळते.

फी भरायची तारीख जवळ असेल तर 30 दिवस थांबू नका. दाखला आणि अर्जाची पोच घेऊन उद्याच शैक्षणिक कर्जाच्या बँकेत जा, मॅनेजरसाहेबांना दोन्ही दाखवा. कर्जाला किमान इतका स्कोअर हवाच, असा आकडा रिझर्व्ह बँकेनं ठरवलेला नाही. तरीही नाही म्हणाले तर कारण लेखी मागा आणि तो कागद माझ्याकडे पाठवा.