पांझरेकाठी जुनं-नवं एका फोटोत घेताना

धुळ्यात पांझरेकाठी फोटो काढायला निघाला आहेस, तर आधी दिशा बघ. नदी इथे पश्चिमेकडून पूर्वेला वाहते. त्यामुळे उत्तर काठावर, देवपूरकडच्या, नदीला सामोऱ्या भिंतींवर हिवाळ्यात दिवसभर ऊन असतं. दक्षिण काठावर, जुन्या गावाच्या बाजूच्या नदीला सामोऱ्या भिंती तेव्हा सावलीत राहतात. तिकडे उन्हाळ्यात भल्या सकाळी जा. सूर्य ईशान्येकडे असतो, ऊन तिरकं पडतं.

जुन्या देवळाचा काळा पाषाण उजेड गिळतो, नव्या इमारतीची काच आणि पांढरा रंग तो परत फेकतात. दगडावर एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, धरलंस तर मागची इमारत पांढरीफटक होते. इमारत सांभाळ, दगड नंतर रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधून उजळता येतो.

आणि जुनं म्हणजे फक्त देऊळ नव्हे. गल्लीत शीर, धाब्याचं घर शोध. जाडजूड मातीची भिंत, लाकडी खांब, वर मातीचंच सपाट छत, म्हणजे धाबं. दार भिंतीत इतकं आत बसलेलं असतं की चौकटीवर सावलीची रुंद पट्टी उतरते. शेजारच्या आरसीसी घराची भिंत जेमतेम नऊ इंची, खिडकी भिंतीच्या बरोबरीने; सावली नाहीच. उंच-बुटक्या इमारतींच्या फोटोंपेक्षा मला ही सावली जास्त मोलाची वाटते. धाबी पडताहेत, म्हणून ती आत्ताच टिप. घरच्यांना विचारल्याशिवाय मात्र आत पाऊल टाकू नको.

पावसाळ्यात पात्रात उतरू नको. अक्कलपाडा धरणातून पाणी सोडलं की पांझरा चढते.